जीर्णोद्धार : एका लहान जुन्या मोटारसायकलीच्या निमित्ताने

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पूर्व पायथ्याशी जी वस्ती आहे तिला सर्वजण किला गेट म्हणतात. लष्करातील जुन्या मराठी घरांतूनसुद्धा ‘किल्ला दरवाजा’ असा शब्द कानी पडत नाही. टेंपोवाल्याने जे नाव हाळी देऊन रूढ केले तेच सर्वांनी पत्करले आहे. येथून आलमगिरी दरवाज्यातून गडावर जाणारी चढण पायी जाणाऱ्यांची आहे. ज्याच्यापाशी वाहन आहे त्याला गडाला वळसा घालून पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने वर जावे लागते. त्यामुळे दुचाकीवरून आलेला मनुष्य किला गेटापाशी हटकून थांबतो, वर मानसिंहाच्या महालाकडे एकदा पाहतो, चहा घेतो आणि मग पुढचा विचार करतो.

काही महिन्यांपूर्वी एका सकाळी आम्हीही असेच थांबलो होतो. आमची राजदूत स्टँडवर उभी होती. एका सुवेष गृहस्थांनी तिला सावकाश एक प्रदक्षिणा घातली, वाकून इंजिनावरील क्रमांक पाहिला, टाकीवरून बोट फिरवले आणि ‘देणार का?’ असे विचारले. त्यांना ती एका उपाहारगृहाच्या दर्शनी दालनात ठेवावयाची होती. रंग नवा, क्रोम नवे, बैठक नवी. सारे अगदी कारखान्यातून निघाल्यासारखे. इंजिन थोडे थकले आहे, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर ते हसून म्हणाले, ‘इंजिनाची चिंता नको. ती चालवायची थोडीच आहे!’

त्या एका वाक्याने आम्हांस लिहावयास बसविले आहे. मोटारसायकलीविषयी या पृष्ठांवर लिहिणे काही वाचकांना विचित्र वाटेल. येथे कीर्तनपरंपरेची, नाटकांची, देवस्थानांच्या इतिहासाची चर्चा चालते. त्यात हे धूर ओकणारे यंत्र कोठून आले? तथापि जी वस्तू मनुष्याने घडविली, जिचा पन्नास वर्षे उपयोग केला, आणि जिच्या रक्षणाविषयी आज मतभेद माजले आहेत, ती समीक्षेचा विषय व्हावयास हरकत नाही. शिवाय हा प्रश्न आपल्या देवळांच्या दारापर्यंत कसा येऊन पोहोचतो, हे पुढे दिसेलच.

प्रथम वस्तूचा परिचय. राजदूत 175 ही मूळची भारतीय नव्हे. पोलंडमधील किएल्त्से या गावी एसएचएल नावाच्या मोटारसायकली बनत. त्यांपैकी एम-11 या नमुन्यावरून एस्कॉर्ट्‌स कंपनीने 1962 च्या सुमारास आपल्याकडे राजदूत तयार करण्यास आरंभ केला. इंजिन 173 घन सेंटिमीटरचे, एकाच सिलिंडरचे, दोन धावांचे. शक्ती 9 अश्वशक्तींच्या आसपास. याच काळात म्हैसूरच्या आयडियल जावाने चेकोस्लोव्हाकियाची 250 ची जावा भारतात बनवावयास घेतली होती, आणि मद्रासेस 1955 पासून एनफील्डची 350 ची बुलेट जुळत होती. बुलेट फौजेची आणि पोलिसांची, जावा कॉलेजातील तरुणांची, आणि राजदूत दूधवाल्याची, असा भेद लवकरच रूढ झाला. उत्तर हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यांतून, विशेषतः आमच्या चंबळेच्या बाजूस, पहाटे दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकावून शहराकडे येणारी गाडी म्हणजे राजदूत, हे समीकरण पुढे कित्येक वर्षे ठरलेले होते.

रूपाच्या दृष्टीने पाहता ती सुंदर नाही. आमच्या वडिलांनी ती 1974 साली घेतली, आणि तिच्यावर आमचा जीव आहे. तरी हे म्हटलेच पाहिजे. जावाच्या टाकीला जी गोलाई आहे, तिच्या इंजिनाच्या अंड्यासारख्या घडणीत जो डौल आहे, किक व गिअर एकाच दांड्यात बसविण्यात जी चतुराई आहे, त्यातले राजदूतेत काही नाही. ती ठेंगणी, जाड हाडांची, कामाला जुंपावयाची वस्तू आहे. तिच्या घडणीत कोठेही अलंकार नाही, आणि म्हणून तिच्यात खोटेही काही नाही. 1973 साली ‘बॉबी’ चित्रपट आला; त्यात नायकनायिका ज्या चिमुकल्या राजदूतेवरून हिंडतात त्या जीटीएस नमुन्याला लोकांनी बॉबी हेच नाव दिले. ती गाडी मात्र खेळण्यासारखी होती. दिसण्यासाठी घडविलेली वस्तू आणि वापरण्यासाठी घडविलेली वस्तू यांतील अंतर एकाच कारखान्याच्या दोन गाड्यांत इतके स्पष्ट क्वचितच दिसेल. त्या चित्रपटात गोव्याच्या कोळ्याचे जे चित्रण आहे त्याविषयी कोकणी वाचकांचे काय मत आहे ते आम्ही जाणतो. तो विषय येथे नको.

लहान इंजिनाचे खरे मर्म त्याच्या अपुरेपणात आहे. मोठ्या गाडीपाशी शक्ती शिल्लक असते. स्वार चुकला तरी यंत्र सांभाळून घेते. 175 च्या गाडीपाशी शिल्लक काही नसते. चढण दिसली की आधीच वेग घ्यावा लागतो. गिअर एक क्षण उशिरा बदलला तर इंजिन दम टाकते. उरवाईच्या चढावर दोघांना घेऊन जाताना दोन्ही बाजूंच्या कड्यांत कोरलेल्या त्या प्रचंड तीर्थंकर मूर्तींकडे पाहण्याची सवड मागे बसणाऱ्याला असते, चालविणाऱ्याला नसते. त्याचे कान सर्वस्वी इंजिनाकडे लागलेले असतात. आमच्या तीर्थरूपांना या गाडीवरून कोणी हिणवले तर ते एवढेच म्हणत, की गणपतीचे उदर पाहा आणि त्याचे वाहन पाहा. विनोद सोडला तरी त्यात तथ्य आहे. बेताच्या शक्तीच्या वाहनावर बसणाऱ्याला रस्त्याशी आणि यंत्राशी अखंड बोलणे ठेवावे लागते.

हे बोलणे कसे असते ते थोडे सांगतो. दोन धावांच्या इंजिनाला झडपा नसतात. पिस्टन वरखाली होताना स्वतःच सिलिंडरची दारे उघडतो व मिटतो. वंगणासाठी निराळी टाकी नाही. लिटरमागे 40-50 मिलिलिटर तेल पेट्रोलातच मिसळावयाचे. पूर्वी प्रत्येक पंपावर हाताने फिरवावयाचे तेलाचे यंत्र असे, आता मापाची बाटली खिशात बाळगावी लागते. तेल कमी पडले तर पिस्टन चिकटतो, अधिक झाले तर प्लग काळा पडतो. डिसेंबरात हजीऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी समारोह भरतो. पहिल्या दिवशी सकाळी ढोलीबुवांच्या गादीची हरिकथा होते, तिला आम्ही सहसा चुकत नाही. ग्वाल्हेरचा डिसेंबर ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्या सकाळीची थंडी ठाऊक आहे. कार्बोरेटरवरची कळ दाबून पेट्रोल पाझरू द्यावे, चावी न लावता दोन किका माराव्या, मग चावी लावून तिसरी. कधी तिसऱ्या किकेला गाडी बोलते, कधी तेराव्या. प्लग काढून काचकागदाने पुसावा लागतो, पॉइंटांमधले अंतर पाहावे लागते. हात काळे होतात, आणि त्याच हातांनी कथेला जाऊन बसावे लागते. बुवांनी अद्याप तक्रार केलेली नाही.

आता त्या गृहस्थांच्या प्रस्तावाकडे वळू. गेल्या काही वर्षांत जुन्या मोटारसायकलींना अकस्मात भाव आला आहे. जावा-येझदी बनविणारा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला, तेव्हा त्या गाड्या लोक भंगारात घालीत. आज त्याच शोधीत माणसे गावोगाव फिरतात. 2018 साली जावा हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा झळकले, त्याने या आवडीला आणखी भर आला. ही आवड आम्हांस तुच्छ वाटत नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर जाणारी चांगली वस्तू वाचते, हा लाभ लहान नव्हे. परंतु वाचविण्याची जी रीत रूढ झाली आहे तिला ‘रिस्टोरेशन’ म्हणतात, आणि आमचा आक्षेप या शब्दाखाली जे चालते त्याला आहे. जुना रंग खरवडून नवा ओतावयाचा. ज्या गाडीला कारखान्यानेसुद्धा इतके क्रोम कधी लावले नव्हते तिला आरशासारखी करावयाची. टाकीवर जेथे चाळीस वर्षे गुडघे घासून पत्रा उघडा पडला होता ती खूण बुजवावयाची. आणि मग ती दिवाणखान्यात उभी करावयाची. गाडीचे चरित्र पुसून तिचे छायाचित्र तेवढे ठेवावे, असा हा प्रकार आहे.

देवस्थानांशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी हा प्रकार पूर्वी पाहिला आहे. दगडी मंडपाला तैलरंग फासला जातो, जुन्या फरशीवर चकचकीत टाइल बसते, शिखराला दरवर्षी नवा गिलावा चढतो, आणि या सर्वाला ‘जीर्णोद्धार’ हे पवित्र नाव मिळते. 2024 साली पंढरपूरच्या मंदिरात नंतरच्या काळात चढविलेले असे थर काढून मूळ दगड उघडा करण्याचे काम झाले, तेव्हा कित्येक भाविकांनी देवळाचे खरे अंग प्रथमच पाहिले. याचा अर्थ जुन्या वस्तूला हात लावू नये असा नव्हे. शास्त्राने जीर्णोद्धाराची मोकळीक दिली आहे आणि विधीही सांगितला आहे: काम चालू असेतो मूर्तीतील देवत्व कलशात आकर्षून घ्यावे, तेथे पूजा चालू ठेवावी, आणि काम संपताच ते पुन्हा मूर्तीत स्थापावे. या विधीचे मर्म आम्हांस असे दिसते की दुरुस्तीच्या काळातही पूजेत खंड नको. दगड बदलला तर चालेल, नित्यकर्म थांबता कामा नये.

गोमंतकीय वाचकांना हे अधिक स्पष्ट करण्याची आवश्यकता नाही. सोळाव्या शतकात देवळांवर गंडांतर आले तेव्हा महाजनांनी मूर्ती नदीपलीकडे अंत्रुजात नेल्या. कुशस्थळीचा मंगेश 1560 साली प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. ग्राम बदलले, देऊळ बदलले, पुढे त्या देवळांच्याही इमारती कितीदा नव्या झाल्या. तरी हाच तो मंगेश, असे म्हणावयास आपणांस क्षणभरही संकोच वाटत नाही, कारण मधल्या काळात दिवा लावण्याचे राहिले नाही. उलट जे मूळ जागी, मूळ दगडात, परंतु पूजेवाचून उरले, त्याला आपण अवशेष म्हणतो.

आमच्या किला गेटापाशीच याचे एक उदाहरण आहे, आणि ते जगाला ठाऊक असूनही नीट ठाऊक नाही. पायऱ्यांच्या वाटेने गडावर जाताना एका अखंड खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे मंदिर लागते. त्यातील शिलालेख विक्रम संवत 933 चा, म्हणजे इसवी सन 876 चा. त्यात 270 आणि 50 या संख्या शून्याचे वाटोळे चिन्ह वापरून लिहिल्या आहेत, आणि शून्याच्या प्राचीन लेखी पुराव्यांत त्याची गणना होते. त्या एका वाटोळ्या चिन्हासाठी देशोदेशीचे गणिती येथे येतात. परंतु लेख शून्याविषयी नाहीच. तो एका बागेविषयी आहे: लांबी 270 हात, रुंदी 187 हात, त्या बागेतील फुलांच्या रोज 50 माळा देवाला मिळाव्या, अशी ती व्यवस्था आहे. लेख कोरणाऱ्याला शून्याचे काही अप्रूप नव्हते, त्याला चिंता होती ती उद्याच्या माळांची. आज अंक उरला, माळा गेल्या. शून्य पाहून आनंदित झालेला विद्वान परत फिरतो तेव्हा त्याने त्या लेखाचे अक्षर वाचलेले असते, आणि आशय मात्र तेथेच राहिलेला असतो. (आमच्या राजदूतेच्या मीटरातील आकडे दोनदा फिरून शून्यावर आले आहेत, हे जाता जाता सांगावयास हरकत नसावी.)

त्याच चढणीच्या तळाशी गुजरी महाल आहे. मानसिंह तोमराने मृगनयनीसाठी बांधलेल्या या वाड्यात 1922 च्या सुमारास ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्वखात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी वस्तुसंग्रहालय उभे केले. रानोमाळ पडलेल्या, गुरांच्या गोठ्यांना टेकू म्हणून लावलेल्या मूर्ती अशा संग्रहालयांनीच वाचविल्या; ग्यारसपूरची शालभंजिका आज डोळ्यांनी पाहता येते ती याच वाड्यात. तेव्हा संग्रहालयाची निंदा आमच्या मुखातून होणार नाही. ज्या मूर्तीचे देऊळ पडले, जिची पूजा लोपली, तिला संग्रहालय हाच आश्रय. परंतु ज्या मूर्तीपुढे अद्याप निरांजन तेवत आहे तिला उचलून तेथे नेऊन ठेवावे, असे गर्द्यांनीही कधी म्हटले नसते.

नेमकी हीच गल्लत 2021 सालच्या नियमांत झाली आहे, असे आमचे मत आहे. त्या वर्षी जुलै महिन्यात केंद्र शासनाने ‘विंटेज’ वाहनांसाठी निराळी नोंदणी ठरविली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात राखलेले, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार न झालेले वाहन यास पात्र. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, पुनर्नोंदणीस 5,000. जुन्या वाहनांना कायद्याने ओळख दिली, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर अट अशी, की असे वाहन नित्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, फेरी, पेट्रोल भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतेच बाहेर काढावयाचे. म्हणजे सन्मान घ्यावयाचा तर चालणे सोडावे. आमची गाडी 2024 साली या सन्मानास पात्र झाली. आम्ही तो मागितला नाही. दर पाच वर्षांनी साध्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेतो तेच 2024 मध्येही करून घेतले. निरीक्षकाने ब्रेक पाहिले, दिवा पाहिला, भोंगा वाजवून पाहिला आणि शिक्का दिला. त्या शिक्क्याचा आम्हांस अभिमान वाटतो. तो जुनेपणाबद्दल मिळालेला नाही, चालतेपणाबद्दल मिळालेला आहे.

मोटारसायकलीवर चिंतन करणारा जगातील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ अमेरिकेत 1974 सालीच निघाला, म्हणजे आमची गाडी घरात आली त्याच वर्षी. रॉबर्ट पिर्सिगच्या त्या ग्रंथाच्या नावात झेन आहे. परंतु हा गृहस्थ तरुणपणी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकावयास आला होता, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. हिरोशिमावर पडलेला बाँबही मायाच काय, असे त्याने वर्गात विचारले, होय असे उत्तर मिळाले, आणि तो वर्गातून उठला, अशी हकीकत त्याने दिली आहे. मायावादाचे मर्म एका प्रश्नोत्तरात आटोपते असे मानणे ही त्याची उतावीळ होती, असे आम्हांस वाटते. पण त्याचा रोष खोटा नव्हता. ग्रंथातील खरे सामर्थ्य निराळ्या ठिकाणी आहे. यंत्राची निगा राखणे हे हलके काम नसून ती चित्ताच्या एकाग्रतेची परीक्षा आहे, हे त्याने इतक्या बारकाईने दाखविले आहे की स्वतः कधी स्क्रू फिरविला नाही असा वाचकही पटून जातो. त्याच्या मित्रापाशी महागडी बीएमडब्ल्यू आहे; तिचे हँडल सैल झाले असता पिर्सिग पत्र्याच्या डब्याची पट्टी कापून घालावयास निघतो, आणि मित्राला तो आपल्या गाडीचा अपमान वाटतो. किला गेटावर हा प्रसंग वाचून दाखविला तर श्रोत्यांना कळणार नाही की यात अडचण कोणती. येथे पत्र्याची पट्टी घालूनच गाड्या चालतात.

आमचा आक्षेप दुसरा आहे. पिर्सिगच्या ग्रंथात गाडीपाशी एकच मनुष्य असतो. तो, त्याचे यंत्र आणि त्याचे विचार. मागे बसलेला मुलगासुद्धा बराच काळ केवळ मागे बसलेलाच राहतो. आपल्याकडे जुनी गाडी एकट्याच्या एकाग्रतेवर चालत नाही. तिला हजीऱ्याकडील वृद्ध मिस्त्री लागतो, ज्याने आमच्या वडिलांच्या हातचे तिचे पहिले बोअर केले होते. सुटे भाग बनविणारा लेथवाला लागतो. आपल्याकडची बिघडलेली राजदूत विकताना ‘हिचा मॅग्नेटो चांगला आहे, तेवढा काढून घ्या’ असे सांगणारा दूधवाला लागतो. अशा परंपरेने ती राखली जाते, जशी कीर्तनाची गादी राखली जाते. आणखी एक गोष्ट मौजेची: पिर्सिगची 305 ची होंडा, जिचे नावही तो ग्रंथात घेत नाही, ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, 2024 साली ग्रंथाच्या पन्नासाव्या वर्षी ती लोकांना पाहावयास ठेवण्यात आली. ज्याने आयुष्यभर निगा हेच तत्त्व सांगितले त्याच्या गाडीला आता निगेची आवश्यकता उरली नाही.

याच्या उलट टोकाला राजस्थानातील पाली-जोधपूर मार्गावरचे चोटिला गाव. तेथे 1988 साली अपघातात निवर्तलेल्या ओमसिंह राठोड यांच्या बुलेटची पूजा होते. ठाण्यात नेलेली गाडी अपघाताच्या जागी आपोआप परतली, अशी तेथील श्रद्धा आहे. वाटसरू थांबून नमस्कार करतात आणि पुढचा प्रवास सुखरूप होवो अशी प्रार्थना करतात. सुशिक्षितांना याचे हसू येते. आम्हांस येत नाही. गतिमान वाहनावर आपला प्राण सोपविणाऱ्या मनुष्याला भय वाटते आणि त्या भयाला तो रूप देतो, यात हास्यास्पद काही नाही. एवढेच, की ती गाडीही काचेमागेच आहे. आमच्या घरची रीत आम्हांस अधिक मानवते. खंडेनवमीस गाडी धुवावयाची, हँडलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावरच बसून सीमोल्लंघनास जावयाचे. पूजा झाली म्हणून तिला कामातून सुटका नाही. शस्त्राची पूजा ते म्यानात कायमचे ठेवण्यासाठी कोणी करीत नसे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की लेखक आपल्या गाडीचा वकील झाला आहे. तेव्हा विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे, आणि ती दुबळी नाही. वापराने वस्तू टिकते हे खरे, पण वापरानेच ती झिजते. अभिषेकांनी आणि पदस्पर्शाने मूर्ती झिजल्या. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर 2015 साली, पंढरीच्या विठ्ठलाच्या पायांवर 2020 साली संरक्षक लेपाचे काम करावे लागले. देवस्थानांनी यावर मूळ मूर्ती आणि उत्सवमूर्ती हा तोडगा फार पूर्वी काढला. काही संग्राहक दोन गाड्या बाळगतात, एक ठेवण्यासाठी, एक चालविण्यासाठी. त्यांची चेष्टा करण्यापूर्वी ही परंपरा आठवावी. मात्र देवस्थानात मूळ मूर्तीची नित्यपूजा चुकत नाही, आणि संग्राहकाची मूळ गाडी तेल वाळून थिजलेली असते. यंत्रशास्त्रही येथे आमच्या बाजूने बोलते. दोन धावांच्या इंजिनाच्या क्रँकपाशी रबराची सीले असतात. गाडी उभी राहिली की ती सुकतात, कडक होतात, हवा आत ओढू लागतात. आता पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागल्यापासून जुन्या रबराचे हाल अधिकच झाले आहेत, शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते आणि उभ्या टाकीला आतून गंज चढतो. आमचे मिस्त्री प्रत्येक वेळी एवढेच बजावतात, ‘भाऊसाहब, खड़ी मत रखना, सील सूख जाएँगे।’

दुसरा आरोप धुराचा, आणि त्याला आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. दोन धावांच्या इंजिनात जळालेला वायू बाहेर ढकलला जातो तेव्हा ताज्या मिश्रणाचा काही अंश त्याच्याबरोबर न जळताच निसटतो. त्यात तेलाची भर. म्हणूनच 2000 नंतरच्या कडक नियमांपुढे ही जात टिकली नाही, आणि ते योग्यच झाले. दिल्लीत पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर हरित न्यायाधिकरणाने 2015 साली बंदीचा आदेश दिला होता. आमचे शहरही निर्दोष नाही: जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली जी यादी प्रसिद्ध केली तीत सूक्ष्म धूलिकणांच्या वार्षिक सरासरीने ग्वाल्हेर जगात दुसरे होते, घनमीटरास 176 मायक्रोग्रॅम. त्यात आमच्या एका गाडीचा वाटा किती, हा हिशेब करून सुटका करून घेणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. प्रत्येक जण असाच हिशेब करतो. आम्ही केले ते इतकेच: बाजारहाटासाठी, रोजच्या फेऱ्यांसाठी ती काढणे सोडले. आठवड्यातून दोनदा, कथेला, देवाला, आणि एखाद्या वृद्ध आप्ताकडे जाण्यासाठी ती निघते. ही तडजोड आहे. शासनाच्या ‘विंटेज’ अटीपासून ती फार दूर नाही, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. फरक इतकाच की आम्ही प्रदर्शनाला जात नाही, कामाला जातो.

आणि बोअरचे काय? मूळ इंजिन आता मूळ राहिले आहे काय? पिस्टन झिजला की सिलिंडर पाव मिलिमीटर रुंद करून मोठा पिस्टन घालावयाचा. असे चार वेळा झाले की नवे स्लीव्ह. आमच्या गाडीचे तीन बोअर झाले आहेत. क्लचच्या प्लेटी, चेन, चाकांचे आरे, दिवा, वायरी यांतले वडिलांच्या वेळचे जवळजवळ काही नाही. ती ‘ओरिजिनल’ आहे काय, असे त्या गृहस्थांनी विचारले होते. संग्राहकाच्या अर्थाने नाही. टाकीवर ज्या जागी पत्रा उघडा पडला आहे तेथे प्रथम वडिलांचा गुडघा टेकत असे, आता आमचा टेकतो.

त्या दिवशी किला गेटापाशी त्या गृहस्थांना आम्ही नकार दिला. त्यांना राग आला नाही. कार्ड देऊन म्हणाले की मन बदलले तर कळवावे. मग आम्हीच त्यांना म्हटले की निदान एक किक मारून पाहा. त्यांनी कोट सावरून चार-पाच किका मारल्या. गाडी बोलेना. सहाव्या किकेला तिने एक उलटी लाथ मारली. ते दचकून मागे सरले आणि हसू लागले. आमच्या दुसऱ्या किकेला ती चालू झाली, एवढा धूर झाला की चहावाल्याने आमच्याकडे रोखून पाहिले. सायलेन्सरात काजळी साचली आहे. तो काढून भट्टीत जाळून स्वच्छ करावा लागेल. मिस्त्री रविवारी मोकळे असतात.